जुनी फियाट आहे तशी विकायचीय? आधी मॅट उचला

अण्णांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी (हिलाच सगळे फियाट म्हणतात) मी विकायला काढली तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडी सांगलीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेरा वर्षं उभी होती, अण्णा गेल्यावर कोणी हातच लावला नव्हता. मला वाटलं फोटो टाकले की महिन्याभरात जाईल. अकरा महिने लागले. त्यानंतर मामेभावाची अॅम्बेसेडर आणि मैत्रिणीच्या सासऱ्यांची डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००, विकताना मी बरोबर होते, दोन्हीकडे अडचणी जवळपास त्याच आल्या. आता ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय, ज्यांनी अशी गाडी कधीच विकली नाहीये त्यांच्यासाठी.

आधी हे समजून घ्या की रिस्टोअर न केलेली, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी न केलेली गाडी विकणं अवघड का जातं. रिस्टोअर केलेली गाडी घेणारा डोळ्याला दिसतं त्याचे पैसे देतो. आपली गाडी घेणारा मात्र पुढे करावं लागणारं काम विकत घेत असतो, आणि ते काम किती आहे हे त्याला दिसत नसतं. पत्रा आतून किती सडलाय, इंजिन जाम आहे का, कागद नीट आहेत का. जे दिसत नाही त्याचा तो वाईटात वाईट अंदाज धरतो आणि तेवढे पैसे किमतीतून कापतो. त्यामुळे विकणाऱ्याचं काम एवढंच, की जे झाकलेलं आहे ते आपणहून उघडं करून दाखवायचं. खाली जे काही सांगतेय ते सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

पहिली पायरी: कागद, आणि कागद होईपर्यंत दुसरं काही नाही

गाडीला हात लावायच्या आधी आरसी बुक शोधा. मग बघा की गाडी कोणाच्या नावावर आहे. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि अॅफिडेव्हिट लागतं. आमच्यात मी आणि धाकटी बहीण, ती दुबईला. तिची सही तिकडे अटेस्ट होऊन कुरिअरने येईपर्यंतच दीड महिना गेला. भाऊबहिणी बाहेर असतील तर हे काम सगळ्यात आधी सुरू करा. आणि घरात एकदा नीट बसून बोलून घ्या, कारण गिऱ्हाईक दारात उभं असताना "ती गाडी विकायची नाहीये" असं कोणी म्हणालं की तो माणूस परत फोन करत नाही.

आरसी बुकवर बँकेच्या कर्जाचा शिक्का असेल तर तो उतरवून घ्या, फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. चाळीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज असलं तरी बुकावर शिक्का आहे म्हणजे आहे. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर हेलपाटे वाढतात, पण काम होतं. बुकच हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६.

आता सगळ्यात त्रासाची गोष्ट. १९८९ च्या आधी आपल्याकडे एमएच-०९, एमएच-१० असे नंबर नव्हते, तीन अक्षरी जुने नंबर होते आणि त्यांची नोंद आरटीओच्या मोठमोठ्या रजिस्टरात हाताने केलेली असायची. त्यातल्या बऱ्याच गाड्या आजही ऑनलाइन दिसत नाहीत. परिवहन या सरकारी साइटवर नंबर टाका, गाडी आलीच नाही तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, म्हणजे जुन्या रजिस्टरातून गाडीची माहिती कॉम्प्युटरवर चढवून घेणं. ती झाल्याशिवाय ट्रान्सफर नाही, रिन्यूअल नाही, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट नाही, कारण आता सगळंच ऑनलाइन. आमची एंट्री झाली पण चासी नंबरमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या ओळख-नंबरमध्ये, ३ च्या जागी ८ पडला. तो मला दिसला कारण मी आधीच चासी प्रिंट काढून ठेवली होती: नंबर पंच केलाय तिथला धूळ-तेलाचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासायची, आकडे पांढरे उमटतात. दोन-तीन प्रिंट काढा. बुकावरचा, गाडीवरचा आणि ऑनलाइनचा, तिन्ही नंबर एकमेकांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. इंजिन नंबरचंही तेच. मधे कधी इंजिन बदललं असेल आणि बुकावर चढवलं नसेल तर ते लपवू नका, गिऱ्हाईकाचा मेकॅनिक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो.

रजिस्ट्रेशन संपलंय, गाडी चालत नाही, आता?

इथे बहुतेक लोक अडकतात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून रिन्यू करायचं. उभ्या राहिलेल्या गाडीचं ते कधीच संपलेलं असतं. रिन्यू करायचं तर गाडी इन्स्पेक्शनला न्यावी लागते, म्हणजे ती चालली पाहिजे, ब्रेक लागले पाहिजेत, लाइट-हॉर्न पाहिजेत, इन्शुरन्स पाहिजे, पीयूसी पाहिजे. आणि रिन्यू नसेल तर घेणाऱ्याच्या नावावर सहजासहजी होत नाही. म्हणजे बंद गाडी विकायला ती आधी चालू करावी लागते.

खर्चही धरून चाला. कारच्या रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली. त्यावर पर्यावरण कर, उशिराचा दंड, एचएसआरपी, थर्ड पार्टी इन्शुरन्स. हे सगळं आधी कागदावर मांडा.

माझ्या मते दोन रस्ते आहेत. पत्रा ठीक असेल आणि इंजिन जाम नसेल तर गाडी फक्त चालण्याइतपत करा, रिन्यू करा आणि मग विका. खर्च भरून निघतो, शिवाय गिऱ्हाईकही जास्त येतात. गाडी खूपच गेलेली असेल तर रिन्यूअलच्या नादी लागू नका, "रजिस्ट्रेशन संपलेलं आहे, रिन्यूअल घेणाऱ्याने करायचं" असं जाहिरातीतच स्पष्ट लिहा, किंमत त्या मानाने धरा, आणि कागद हातात द्यायच्या आधी त्याच्याकडून लेखी घ्या. तोंडी काही ठेवू नका.

एक तिसरा रस्ता लोक सुचवतात, विंटेज रजिस्ट्रेशनचा. २०२१ मध्ये केंद्राने तसे नियम केले. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते, नव्या रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. पण ती गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. अण्णांची ७९ ची, ती २०२९ पर्यंत बसतच नव्हती. तुमची बसत असेल तरी तुम्ही स्वतः करू नका, तो निर्णय घेणाऱ्यावर सोडा, कोणाला ती गाडी घेऊन रविवारी फिरायचं असतं.

घेणारा दिल्लीकडचा असेल तर मात्र जपून. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत, त्याने आधी स्वतः खात्री करावी आणि मगच तुम्ही आरटीओच्या एनओसीच्या, म्हणजे फॉर्म २८ च्या मागे लागा.

गाडीचं काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

रंगवू नका. हे मी हात जोडून सांगते. माझ्या मामेभावाला एका गॅरेजवाल्याने पटवलं की वरवर लांबी (पुट्टी) भरून एक हात रंग मारला की पन्नास हजार वाढतील. अॅम्बेसेडर चकाचक दिसायला लागली आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाने पहिला प्रश्न हाच विचारला, की रंगाखाली काय आहे. जाणकार लोक खिशात लोहचुंबक घेऊन येतात, लांबी जाड असेल तिथे ते चिकटत नाही. जुना फिकट पडलेला, कुठे कुठे उडालेला मूळ रंग तुम्हाला लाजिरवाणा वाटतो, पण घेणाऱ्यासाठी तोच पुरावा असतो की गाडी ठोकलेली नाही, कापलेली नाही. मूळ रंग एकदा घासला की परत येत नाही.

मग चालू कशी करायची? घाईत बॅटरी जोडून चावी फिरवू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, त्याला व्हार्निशसारखा आंबूस वास मारत असतो. टाकी आतून गंजली असेल तर स्वच्छ करून घ्या नाहीतर सगळी घाण कार्बोरेटरमध्ये जाते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल टाका, एक दिवस राहू द्या, मग टॉपच्या गिअरमध्ये गाडी हलकेच ढकलून इंजिन फिरतंय का बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. ऑइल बदला, इग्निशनचे पॉइंट साफ करा, पेट्रोलचे आणि ब्रेकचे रबरी पाइप सगळे नवीन टाका, हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, उभ्या गाडीत व्हील सिलिंडर हमखास जाम होतात. एवढं करा आणि थांबा. सीटकव्हर, सीडी प्लेअर, अलॉय व्हील काही नको.

आमच्या गाडीला हे सगळं करायला एक म्हातारे मिस्त्री मिळाले, त्यांनी पूर्वी रोज फियाटचंच काम केलं होतं. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये उंदराने घर केलं होतं, त्यात अण्णांच्या पेट्रोलच्या पावत्यांचे तुकडे. ग्लोव्ह बॉक्समधल्या मात्र शाबूत राहिल्या. त्या मी फेकणार होते, मिस्त्री म्हणाले, "ताई, राहू द्या, हेच बघतात लोक." खरंच पुढे त्याच कामाला आल्या. तर जुन्या पावत्या, सर्व्हिसची वही, मॅन्युअल, जॅक, हँडल, मूळ हबकॅप, गाडीबरोबर उभे काढलेले घरचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये आणि एका पेटीत जमवा. सुटे पार्ट वेगळे विकायचा मोह होईल, कारण ग्रिल किंवा काचेची लाइट मागायला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी येतं. देऊ नका. लोणी काढून घेतल्यावर उरलेल्या ताकाला गिऱ्हाईक नसतं.

शेडमध्ये गाडी झाकायला ताडपत्री वापरू नका, आत दमट राहतं आणि एका पावसाळ्यात पत्र्याची वाट लागते. सुती चादर पुरते.

मॅटची गोष्ट

आता पत्र्याबद्दल. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडीनेच सगळं तोलून धरलेलं असतं, म्हणून फ्लोअर आणि दारांखालचा पत्रा सडला तर ते नुसतं दिसण्याचं काम राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. घेणारा तिथेच बघतो: ड्रायव्हरच्या पायाखाली, दारांखाली, डिक्कीत स्टेपनीच्या खाली, बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटच्या मागे मडगार्डमध्ये.

पहिलं चांगलं गिऱ्हाईक नाशिकहून आलं होतं. माणूस सज्जन, बरोबर मुलगा. बोलणी जवळपास ठरली, तो टोकन काढणार इतक्यात सहज वाकून त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं रबरी मॅट उचललं. खाली पत्रा तपकिरी, पापुद्रे सुटलेले. त्याने अंगठ्याने नुसतं दाबलं आणि अंगठा आरपार गेला, खाली शेडची जमीन दिसायला लागली. मला खरंच माहीत नव्हतं, मी कधी मॅट उचललंच नव्हतं. पण त्याचा चेहरा बदलला तो बदललाच. भोक तळहाताएवढं होतं, तेवढा तुकडा कापून जोडायला फार खर्च नाही. पण त्याने मग प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली, इंजिन, गिअरबॉक्स, अगदी किलोमीटरसुद्धा, आणि शेवटी निम्मी किंमत सांगून निघून गेला.

त्या संध्याकाळी मी सगळी मॅट काढून बाहेर ठेवली ती कायमची. भोकाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि जाहिरातीत तिसरा फोटो तोच टाकला. फोन कमी झाले, पण जे आले ते बघून-समजून आले.

फोटो कोरड्या गाडीचे काढा. ओली गाडी चमकते, फिकट रंग झाकला जातो, आणि माणूस आल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं. सकाळच्या सावलीत चारही बाजू, खालून, डिक्की, इंजिन, चासी प्लेट, प्रत्येक गंजलेली जागा. थंड इंजिन स्टार्ट करतानाचा व्हिडिओ एकही कट न करता. नंबर प्लेट आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे मात्र झाका.

पद्मिनी असेल तर दोन प्रश्न हमखास येणार. एक, टॅक्सी होती का? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला छतावर कॅरिअर आणि डाव्या बाजूला बाहेर मीटर असायचा, त्याची भोकं किंवा छताच्या आत पिवळा रंग दिसतो का ते लोक शोधतात. तुमची खासगी असेल तर छताचं अस्तर जिथे सुटलंय तिथला फोटो द्या. दोन, आमच्याकडच्यांना तर नक्कीच, पुराचं पाणी लागलं होतं का? सांगली म्हटलं की २०१९ चा महापूर सगळ्यांना आठवतो. आमचं घर मिरजेच्या बाजूला, पाणी आलं नव्हतं, पण तोंडाने सांगून कोण ऐकतं. मी एका दाराचं आतलं पॅनेल खोलून ठेवलं, पूर आलेल्या गाडीत तिथे बारीक गाळ बसतो आणि तो कितीही धुतला तरी कोपऱ्यात राहतो. आमच्यात नुसती धूळ होती. पुढे प्रत्येकाला तेच दाखवलं.

किंमत आणि गिऱ्हाईक

लोक ऑनलाइन रिस्टोअर केलेल्या गाडीची लाखांतली किंमत बघतात आणि म्हणतात आपली थोडी कमी. हा हिशोब उलटा करा. पत्र्याचं काम, रंग, क्रोम, सीटा, वायरिंग, याचे एखाद्या गॅरेजमधून आकडे काढा आणि चांगल्या गाडीच्या किमतीतून वजा करा, उरेल ते बरेचदा तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा खूपच कमी असतं, कधी कधी शून्याच्या खाली जातं. तरीही गाडी विकली जाते, कारण घेणारा नुसता हिशोब करत नसतो, त्याच्या बापाकडे, काकाकडे तीच गाडी असते. दुसऱ्या टोकाला भंगाराचा भाव. पद्मिनी साधारण नऊशे किलोची, आमच्या भंगारवाल्याने २२ हजार सांगितले होते. ती तुमची तळाची किंमत, त्याच्या खाली जायचं कारण नाही. मी १ लाख ८० हजारांपासून सुरू केलं आणि १ लाख १५ हजारांना दिली.

गिऱ्हाईकं कोणकोण येतात? एक, स्वतः रिस्टोअर करणारा हौशी माणूस, हा सगळ्यात चांगला, प्रश्न खूप विचारतो पण शब्द पाळतो. दोन, दलाल, दोन मिनिटांत आकडा सांगतो आणि "आत्ता कॅश" म्हणतो. तीन, पार्टसाठी घेणारा. चार, पहिल्यांदाच जुनी गाडी घेणारा तरुण मुलगा, त्याला खर्चाची कल्पना खरी द्या, नाहीतर सहा महिन्यांनी भांडायला येतो. आणि पाचवा, याच्यापासून लांब राहा, ज्याला गाडी नकोच असते, फक्त आरसी आणि नंबर हवा असतो. तो ते कागद दुसऱ्याच गाडीला लावतो. गाडी न बघता कागदांचे फोटो मागणारा, चासी प्लेट वेगळी द्याल का विचारणारा, त्याला सरळ नाही म्हणा. क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणाऱ्यालाही. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही.

गिऱ्हाईक शोधायला नुसत्या जाहिरातीवर राहू नका. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारखे क्लब आहेत, कोल्हापूर-पुण्याकडेही हौशी लोकांचे ग्रुप आहेत, तिथे एक जण नको म्हणाला तरी दुसऱ्याचा नंबर देतो. पुण्यात नाना पेठेतल्या किंवा मुंबईत कुर्ल्याच्या पार्टवाल्यांना विचारा, फियाटचे पार्ट नेहमी कोण नेतं हे त्यांना पाठ असतं. माझं गिऱ्हाईक असंच मिळालं, पार्टच्या दुकानातून. वेळेचाही फरक पडतो, पावसाळ्यात कोणी फिरकत नाही, दिवाळीनंतर चौकशी वाढते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्या बातम्यांच्या आठवड्यात मला एरवी महिन्याभरात येत नव्हते एवढे फोन आले.

एक सांगते, बाई विकतेय म्हटल्यावर "घरात बोलायला कोणी आहे का" हा प्रश्न मला अनेकदा आला. मी फाइल उघडून चासी प्रिंट पुढे ठेवायचे आणि बोलणं सुरू करायचे.

व्यवहाराचा दिवस

इसार बँकेतून घ्या आणि त्याची मुदत लिहून घ्या, "दोन आठवड्यांत बाकी रक्कम" असं. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी सोडू नका. दोन लाख किंवा त्यावरची रक्कम कॅशमध्ये घेता येत नाही हेही लक्षात ठेवा.

फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करायची नाही. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि तिथेच पुढची डोकेदुखी सुरू होते. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, मधे गाडी चार हात फिरली तरी. म्हणून डिलिव्हरी नोट करा: तारीख, वेळ, किलोमीटर, "आहे त्या स्थितीत" हे शब्द, आणि खाली ज्ञात दोषांची यादी. आमच्या यादीत फ्लोअरचं भोक पहिल्या नंबरवर होतं. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आधार-पॅनची कॉपी.

गाडी चालवत नेऊ देऊ नका, कितीही चालू असली तरी. तेरा वर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकवर घाटात भरवसा ठेवायचा नसतो. फ्लॅटबेड बोलवा, खर्च कोणाचा ते आधी ठरवा.

नंतर परिवहनवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघत राहा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं, ते तुम्ही तुमच्याकडून कळवून टाका आणि पोच ठेवा, घेणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. आमचं नाव बदलायला सात आठवडे लागले. दर सोमवारी सकाळी मी चेक करायचे आणि त्यांना मेसेज करायचे, तेही बिचारे प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे. एका सोमवारी त्यांचं नाव दिसलं. त्याचा प्रिंटआउट काढून मी डिलिव्हरी नोटच्या मागे लावून ठेवलाय, पेन्सिलने घासलेल्या चासी प्रिंटच्या शेजारी.